माझ्यावर चढवलेलं आडनाव

नांदेडला मामांच्या घरी राहायला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की या घरात कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय आत येत नाही. दूधवाला दारात उभा राहायचा आणि मामी दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन तो ओघळतो की थांबतो ते बघायची. थेंब थांबला तरच पातेलं पुढं व्हायचं. ज्वारी आली की मूठभर दाणे दाताखाली फोडून बघितले जायचे, गूळ जिभेवर ठेवला जायचा, तेल तळहातावर चोळलं जायचं. मामा जकात नाक्यावर नोकरीला होते. ट्रकांवरच्या गोण्यांत लोखंडी सळई खुपसायची आणि कागदावर लिहिलेला माल आत खरंच आहे का ते बघायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की जेवायला बसले तरी वरणाची वाटी आधी नाकाजवळ न्यायचे. मामी देगलूरची. ती अंबाडीला पुंडी म्हणायची, आणि तिच्या हातची पुंडीची आंबट भाजी, वर लसणाची फोडणी, सोबत गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असं पान समोर असताना कुणाला कसला संशय येऊ शकतो हे मला कळायचं नाही. मामांना यायचा. "आज मीठ दुसऱ्या दुकानचं हाय का?" असं ते विचारायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

पहाटे गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचे सूर यायचे. त्या सुरांवरच घर उठायचं. मामा अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटून बसायचे. पूजा लांबलचक चालायची. पण डोळे मिटलेले असले तरी कान उघडेच. विभूतीचे पट्टे नीट करत उठले की पहिला प्रश्न, "मघाशी कोण आलतं? चप्पल आपल्यातल्या कुणाची नव्हती." मामी हसायची. मला मात्र धडकी भरायची, कारण मी त्या घरात नवीन होते आणि आपल्या चपलेचा आवाज कसा आहे याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

आमचं गाव चाकूर. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं किराणा-भुसाराचं दुकान होतं. मॅट्रिकला मला चांगले गुण पडले, शाळेतल्या बाईंनी घरी येऊन मला सायन्सला घालायला सांगितलं, आणि अप्पा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. शेवटी मामांच्या भरवशावर त्यांनी होकार दिला. निघताना माझी आई, आमची अव्वा, रडत होती. अप्पांनी मात्र एवढंच सांगितलं, "नंदा, तुझ्याबद्दल एक बी वावगा शब्द कानावर आला, की त्याच दिवशी परत. मंग पुढचं काय ते आम्ही बघू." पुढचं काय ते मला चांगलं ठाऊक होतं. उदगीरकडचं एक स्थळ आधीच बोलून बसलेलं होतं.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून. फळ्यावरची आकडेमोड मला कळायची, तोंडाने सांगितलेलं डोक्यावरून जायचं. भौतिकशास्त्राला दाणी सर होते. उंच, पांढरा शर्ट, खडू दोन बोटांत सिगारेटसारखा धरायचे, आणि फळ्याकडे तोंड करूनच बोलायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, की बस अचानक थांबली तर आतला माणूस पुढं का पडतो. प्रश्नातले 'बस' आणि 'स्टॉप' हे दोन शब्द मला कळले आणि बाकीचं मी ओळखलं. मी उभी राहिले आणि मराठीत बोलून गेले, "सर, गाडी थांबली हे पायांना आधी कळतं, अंगाला कळायला उशीर होतो."

सर वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं असावं. मग म्हणाले, "व्हेरी गुड, आइन्स्टाइन. सिट डाउन."

वर्ग हसला. मी बसले. माझ्याच बाकावर शेजारी एका डॉक्टरांची मुलगी वंदना बसायची, इंग्रजी शाळेतून आलेली, दोन वेण्यांना रिबिनी बांधणारी. तिने माझ्याकडे बघून ओठ दाबले. त्या हसण्यात काय होतं? उत्तर बरोबर होतं हे नक्की, कारण सरांनी तेच पुढं इंग्रजीत सांगितलं. मग हसले का? कॉलेजपासून घरापर्यंत मी तो एक शब्द उलटसुलट करत चालले. नाव मला माहीत होतं. शाळेच्या भिंतीवर विस्कटलेल्या केसांचं ते चित्र होतं आणि खाली 'महान शास्त्रज्ञ' असं लिहिलेलं होतं. म्हणजे कौतुकच असणार, असं मी स्वतःला समजावलं आणि संध्याकाळी भाकरी वाढता वाढता मामांना सांगून टाकलं.

मामांचा घास हातातच राहिला. "कुणाचं आडनाव हाय हे?"

परदेशातले फार मोठे शास्त्रज्ञ होते, वारले, असं मी सांगितलं.

"मंग ते तुला कामून लावलं?"

हुशारीचं उत्तर दिलं म्हणून, असं मी म्हणाले. मामांनी मान हलवली नाही. त्यांचं म्हणणं असं, की एखाद्याला शाबासकी द्यायची तर त्याचं स्वतःचं नाव घेऊन देतात. दुसऱ्याचं नाव मध्ये आलं की त्यात काहीतरी असतं. मामी म्हणाली, पोरगी खुशीत आहे, राहू द्या की. पण मामांनी राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाक्यावरच्या एका इंग्रजी पेपर वाचणाऱ्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, फार बुद्धिमान माणसाला इंग्रजीत असं म्हणतात, ते आता नाव राहिलेलं नाही, शब्दच झालाय. मामा जरा सैल झाले. मग शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काम केलेले, त्यांच्याकडे गेले. ते खो खो हसले. म्हणाले, साहेब लोक हे चिडवायला म्हणायचे. कुणी न पेटलेला कंदीलच विझवायला फुंकर मारत बसला, की साहेब म्हणणार, शाबास आइन्स्टाइन.

मामा घरी येऊन खाटेवर बसले. त्यांना दोन साक्षीदार मिळाले होते आणि दोघांची जबानी उलटसुलट होती. मला आठवतं, त्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान होतं. मला म्हणाले, "एकाच शब्दाला दोन पोटं हायेत, नंदा. म्हणणाऱ्यानं कोणत्या पोटातून काढला, ते बघत जा."

अप्पा महिन्यात एकदा माल भरायला नांदेडला यायचे. मामीच्या तोंडून त्यांना हे कळलं. त्यांना अर्थाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच होती. एका परक्या माणसानं भर वर्गात त्यांच्या मुलीला दुसरं आडनाव लावलं, ही गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरेना. ते मामांना म्हणाले, "पोरीचं आडनाव सासरी गेल्यावर बदलतंय. मास्तरनं बदलायचं काय कारण?" मग हळूच विचारलं, की ते लोक कोणत्या जातीचे. मामांनी सांगितलं की ज्यू म्हणून एक धर्म असतो. अप्पा आणखीच गंभीर झाले. आमच्याकडं आडनाव ऐकलं की गाव कळतं, गाव कळलं की सोयरीक होते की नाही ते कळतं. या आडनावावरून काहीच कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याच्यापासून मुलीला लांब ठेवावं, इतकं साधं त्यांचं गणित. त्यांनी मला एकटीला बोलावून विचारलं, "तो मास्तर काही वेडंवाकडं बोलतो का?" मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही. जाताना मामांशी दारात उभे राहून बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

आज मी लातूरला राहते. माझ्या गॅलरीसमोर एका क्लासचा भला मोठा फलक आहे. तिथल्या सगळ्यात हुशार पोरांच्या तुकडीला हेच नाव दिलेलं आहे, आणि आईबाप आपलं पोरगं त्या तुकडीत बसावं म्हणून धडपडतात. आणि परवा माझा नातू बहिणीला, तिनं चार्जर न लावताच मोबाइल चार्ज का होत नाही म्हणून विचारलं तेव्हा, मोठ्यानं हेच आडनाव घेऊन टाळ्या वाजवत होता. एकाच नावाची ही दोन रूपं अजून माझ्या आजूबाजूला आहेत. मला त्यात गंमत वाटत नाही, कान आपोआप टवकारतात. बोलणाऱ्याचा चेहरा दिसल्याशिवाय मला अजूनही तो शब्द कळत नाही.

तर, नाव कॉलेजभर पसरलं. सायकल स्टँडवर पोरं म्हणायची, "आइन्स्टाइन आली." प्रयोगशाळेतला शिपाई काचेचं भांडं देताना म्हणायचा, "घ्या आइन्स्टाइनताई, फोडू नका." दाणी सर कधी कधी म्हणायचे आणि कधी कधी नाही. मी प्रत्येक वेळी त्यांच्या भुवया बघायची. भुवई वर गेली तर चेष्टा, खाली असली तर शाबासकी, असं काहीतरी मी ठरवून टाकलं होतं, आणि तेही रोज चुकायचं. उत्तर येत असूनही मी हात वर करायचं सोडून दिलं. वंदनाशी तर बोलायचंच नाही असं ठरवलं, कारण पहिल्या दिवशी तिने ओठ दाबले होते. पुढच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो आणि मधे दप्तर ठेवायचो.

चाचणी परीक्षा झाली. पेपर परत द्यायच्या दिवशी दाणी सरांनी सगळ्यांचे वाटले, दोन मागे ठेवले. मग ते दोन पेपर वर धरून म्हणाले, की अख्ख्या वर्गात शेवटचं गणित दोघींनीच एका विशिष्ट रीतीनं सोडवलंय, आणि दोघींनी एकाच ओळीत एकच चूक केलीय. एक पेपर वंदनाचा, दुसरा माझा. ते वंदनाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"सो, आइन्स्टाइन," ते म्हणाले, आणि मग माझ्यासाठी मुद्दाम मराठीत, "डोळे कुणाचे वापरले?"

वर्ग पहिल्या दिवशीसारखाच हसला. या वेळी मला भुवया बघायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी पालकाला घेऊन प्राचार्यांसमोर यायला सांगितलं.

घरी जाऊन मी मामीच्या कुशीत रडले. मामा नाक्यावरून आले, हातपाय धुतले, आणि मला समोर बसवलं. मामीला म्हणाले, "तू आत जा." मग प्रश्न सुरू झाले. बाक किती लांब होता, वंदना कुठल्या बाजूला होती, पेपर लिहिताना मान कुठं होती, शाई सांडली का, मध्ये कुणी पाणी मागितलं का. मी सगळं सांगितलं. मग मला आत पाठवलं, मामीला बाहेर बोलावलं आणि परीक्षेच्या दिवशी मी घरी येऊन काय काय बोलले होते ते तिला विचारलं. मग परत मला. ट्रकवाला आणि क्लीनर यांना ते असंच वेगवेगळं विचारायचे, हे मला माहीत होतं. मी तिचं बघून लिहिलं नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते ऐकून घेत होते, पण 'बरं' म्हणत नव्हते. सरांच्या बोलण्यानं मी रडले होते. मामांच्या त्या गप्प राहण्यानं मात्र मला रडूही आलं नाही. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. पुंडीची भाजी होती तरी.

सकाळी मामा स्वच्छ धोतर, टोपी घालून माझ्यासोबत निघाले. प्राचार्य म्हातारे होते, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, गणिताचे. त्यांच्यासमोर दाणी सर, वंदना आणि तिचे डॉक्टर वडील आधीच बसले होते. आम्हाला बघून डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. दाणी सरांनी झालेलं सगळं सांगितलं, शांतपणे, त्यात काही खोटं नव्हतं. प्राचार्यांनी मामांकडे बघितलं. आणि मामांनी हात जोडले. "पोरगी लहान हाय, साहेब," ते म्हणाले. "गावाकडून आलीय. एक बार माफी असावी."

मामांनी निकाल देऊन टाकला होता. रात्रभर त्यांनी विचार केला असेल आणि सळई बाहेर काढून बघितली असेल, आणि त्यांना मी चोर दिसले असेन. पुढं काय झालं ते मला आजही स्वच्छ आठवतं, कारण माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला होता. मी म्हणाले, "मला माफी नको सर. आम्हाला दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवा आणि असलंच दुसरं गणित घाला. मग बघा."

दाणी सर म्हणाले, त्याची गरज नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या मुलीला अशी वागणूक चालणार नाही. आणि वंदना, जिच्याशी मी एक शब्द बोलत नव्हते, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बसते, पप्पा." प्राचार्य जरा हसल्यासारखे झाले. त्यांनी स्वतः दोन गणितं लिहिली, आकडे वेगळे, जात एकच. तिला ऑफिसात बसवलं, मला ग्रंथालयाच्या खोलीत. दारात शिपाई.

मी सोडवलं. कागद नेऊन दिला. प्राचार्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेन्सिलीनं ओळी मोजल्यासारखं करत खाली गेले. मग थांबले. दाणी सरांपुढे कागद सरकवले. आम्ही दोघींनी पुन्हा तीच रीत वापरली होती आणि पुन्हा त्याच ओळीत दोननं भागायचं राहिलं होतं. वेगवेगळ्या खोल्यांत बसून.

प्राचार्यांनी आधी वंदनाला विचारलं, "बेटा, इथं दोननं भागायचं असतं. हे असं तुला कुणी शिकवलं?" ती गोंधळली. म्हणाली, सरांनीच फळ्यावर असं केलं होतं, तास संपायची घंटा झाली तेव्हा. मला विचारलं. मीही तेच सांगितलं. बाकीचा वर्ग तेव्हा दप्तरं आवरत होता. त्यांनी ते गणित नंतर गाइडातून पाठ केलं होतं. पुढच्या बाकावरच्या आम्ही दोघींनीच फळ्यावरचं जसंच्या तसं घेतलं होतं आणि सरांनी सांगितलं म्हणजे बरोबरच, असं धरून चाललो होतो. त्या वर्गात बहुधा आम्हा दोघींनाच सरांचा संशय आला नव्हता.

दाणी सरांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी फक्त "येस" म्हटलं, स्वतःशीच. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून माझा मलाच राग आला. डॉक्टर मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. मामांचे हात अजून जोडलेलेच होते. ते कधी सोडायचे हे त्यांना सुचत नसावं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, हजेरी घ्यायच्या आधी फळ्यावर ते गणित लिहिलं, चुकलेल्या ओळीखाली रेघ ओढली आणि वर्गाकडे तोंड करून सांगितलं की ही चूक माझी होती, वंदनाची नव्हती आणि महानंदा बिराजदारची नव्हती. माझं पूर्ण नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं. कुणी हसलं नाही. त्यानंतर वर्गात त्यांनी कुणालाच ते आडनाव लावलं नाही. वंदना आणि मी मधलं दप्तर काढून टाकलं. पुढं मी तिला विचारलं, की पहिल्या दिवशी ओठ का दाबलेस. ती म्हणाली, तिला ते उत्तर आवडलं होतं आणि आपल्याला असं मराठीत सांगता आलं नसतं याचं तिला वाईट वाटलं होतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला. सत्तरीत आलो तरी अजून आम्ही फोनवर बोलतो, आणि कधी कधी मला वाटतं, त्या दिवशी तिनं मला बरं वाटावं म्हणूनही सांगितलं असेल.

मामांशी मात्र मी नीट बोलत नव्हते. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. त्यांनीही तो विषय काढला नाही. दिवाळीच्या सुट्टीला मला सोडायला ते चाकूरला निघाले. एसटीत खिडकीजवळ मी, शेजारी ते, मांडीवर मामीनं दिलेली धपाट्यांची पिशवी. लोहा गेलं, अहमदपूर आलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी गुडघ्याला लागलेली. अहमदपूरला गाडी बराच वेळ थांबली होती. चाकूरला अप्पा स्टँडवर उभे असणार आणि त्यांना यातलं काय सांगितलंय, काय नाही, हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी मनातलं विचारून टाकलं.

"मामा, त्या दिवशी तुमचा माझ्यावर विश्वास होता का?"

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांच्या कपाळावर सकाळची विभूती घामानं पुसट झाली होती.

"न्हवता," ते म्हणाले.

गाडी सुरू झाली. मी खिडकीबाहेर तोंड केलं. तेवढ्यात ते पुन्हा बोलले, माझ्याकडे न बघता, नाक्यावर कुणाला माल खाली करायला सांगावा तशा साध्या आवाजात.

"पर तुझ्या अप्पाला सांगणार बी न्हवतो. चोर निघाली असतीस तरी माझ्यासोबत घरीच येणार होतीस. त्या सकाळी मामीला सांगूनच निघालतो, आम्हा दोघांचा सैपाक करून ठेव म्हणून."